किंग्ज क्रॉस : ज्वाळा आडव्या का पडल्या?

लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लागलेल्या आगीत ३१ जण दगावले. उगम शोधणे त्यामानाने सोपे होते : लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेले वंगण, त्यात अडकलेला कचरा आणि फटीतून पडलेली जळती काडी. आधी लागून आपोआप विझलेल्या लहान आगींच्या खुणाही तिथेच सापडल्या. खरे कोडे पुढे होते. एवढीशी आग काही मिनिटांत तिकीट-दालनात कशी उसळली? संशय आधी छतावरच्या रंगाच्या थरांवर गेला. हारवेल येथील संगणकीय प्रतिरूपात मात्र ज्वाळा उभ्या न चढता जिन्याच्या चरात आडव्या पडलेल्या दिसल्या. काही तज्ज्ञांना ही गणितातलीच गफलत वाटली. मग एक-तृतीयांश आकाराचा जिना बांधून पेटवला, आणि अगदी तसेच घडले. सुमारे ३० अंशांच्या चढावर ज्वाळा पायऱ्यांना चिकटून सरकतात, पुढचे लाकूड तापून ज्वलनशील वायू सोडते आणि आग एकदम वर झेपावते. अग्निशास्त्रात याला ‘ट्रेंच इफेक्ट’ म्हणतात. लंडनच्या भुयारी रेल्वेतील शेवटचा लाकडी सरकता जिना ग्रीनफर्ड स्थानकात होता. तो २०१४ मध्ये बंद झाला.