गाठ जिवाशी आहे

मराठी घरात गाठीचे दोन प्रकार सर्वांना ठाऊक असतात. टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि दातांनीही सुटता सुटत नाही ती निरगाठ. डोंगरदरीतल्या बचावकार्यात या दोन्ही निरुपयोगी. तिथली गाठ भार असेपर्यंत सुटता कामा नये आणि भार उतरल्यावर गारठलेल्या बोटांनाही ती सोडवता आली पाहिजे. तिसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते : गाठ बरोबर बसली आहे की नाही, हे दुसऱ्याला एका नजरेत कळले पाहिजे.

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ३१ पैकी ३० जण गेले. ऐन पावसात आसपासचे गिर्यारोहक दोर लावून त्या दरीत उतरले. अशा वेळी नायलॉनचा दोर भिजतो आणि भिजला की त्याची ताकद घटते. त्यात प्रत्येक गाठ दोराला आणखी थोडे दुबळे करते. म्हणून गाठी मोजक्या आणि पारखलेल्याच वापरायच्या.

त्यांतली पहिली 'फिगर ऑफ एट'. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी ही गाठ दुहेरी घातली, की तिचे पदर जोडीजोडीने शेजारी बसतात. एखादा पदर चुकला तर आकृती बिघडते आणि चूक लपत नाही. 'बोलाइन' सोडवायला सोपी. पण ताण नसताना सैल होण्याची तिला खोड आहे. म्हणून तिच्या शेपटाला आधाराची आणखी एक गाठ मारतात. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली गाठ तर गमतीची. बारीक दोरीचा फेरा मुख्य दोराभोवती तीनदा गुंडाळायचा. भार पडला की ती आवळून धरते, भार काढला की सरकते. मात्र चिखलाने माखलेल्या दोरावर तिची पकड भरवशाची नसते.

आपल्याकडे हे ज्ञान कड्यांइतकेच विहिरींच्या काठीही हवे आहे. कोणी आत पडले, की घाईघाईत मिळेल तो दोर खाली सोडला जातो. त्याला सरकफास असेल, तर वर ओढताना तो छातीवर आवळत जातो आणि वाचवायला टाकलेला दोरच श्वास कोंडतो. बोलाइनचा फेरा असा आवळत नाही. दोन दोर जोडायला आपण सर्रास मारतो ती साधी सपाट गाठही तितकीच दगाबाज. ताण वेडावाकडा पडला की ती उलटते आणि घसरते. क्लिफर्ड ॲशली यांनी १९४४ च्या आपल्या गाठींवरील ग्रंथात तिच्याविषयी कडक इशारा दिला आहे.

या गाठी शिकायला फारसा वेळ लागत नाही. अंधारात, पावसात, ओल्या हातांनी त्या अचूक बसायला मात्र वर्षानुवर्षांचा सराव लागतो. एवढे करूनही जाणता गिर्यारोहक जोडीदाराला म्हणतो, "बघ रे एकदा." त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. गावोगावच्या तरुण मंडळांनी आणि अग्निशमन दलांनी गाठींबरोबर ही सवयही उचलावी. दोराच्या टोकाला असलेल्या माणसाला स्वतःची गाठ तपासता येत नाही. ती आपणच तपासायची असते.