रिमोटच्या गाडीला ‘जर्मन’चे पार्ट लावताय? चकाकी आणि मजबुती यातला फरक समजून घ्या

चिखला (ता. तुमसर) : रिमोटवर चालणारी हॉबी गाडी दगडावर आपटली, पुढचा प्लॅस्टिकचा आर्म तुटला, की मोबाइलवर पहिला शोध लागतो तो निळ्या-लाल रंगाच्या अ‍ॅल्युमिनियम किटचा. ‘एकदाच खर्च करू, पुन्हा तुटायची भानगड नको’ असा हिशोब असतो. किट बसते, गाडी झकास दिसते. पुढच्या धडकेत आर्म वाचतो, पण त्याच्या मागचा गिअरबॉक्सचा डबा तडकतो. म्हणजे स्वस्त पार्ट वाचला आणि महाग पार्ट गेला.

असं का होतं, कुठे अ‍ॅल्युमिनियम लावायचं, कुठे नाही आणि घरी पॉलिश करताना डोळे-बोटं कशी सांभाळायची, ते पाहू.

अ‍ॅल्युमिनियम सगळं एक नसतं

आपण ज्याला ‘जर्मन’चं भांडं म्हणतो, ते अ‍ॅल्युमिनियमच. पण पातेल्याचं अ‍ॅल्युमिनियम वेगळं आणि गाडीच्या पार्टचं वेगळं. भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३००३ या मिश्रधातूत साधारण १ ते १.५ टक्का मँगनीज असतं. आपल्या चिखल्याच्या भूमिगत खाणीतून मॉइल जे खनिज काढते, तेच हे मँगनीज. त्याचा मुख्य उपयोग पोलाद बनवायला होतो, पण थोडंसं मिसळलं की अ‍ॅल्युमिनियमलाही बळ येतं. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खनिजातून मिळणारं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या कामी येतं. रिमोटमध्ये आपण जे पेन्सिल सेल टाकतो, त्यात हाच पदार्थ असतो.

गाडीच्या पार्टवर मात्र बहुधा ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ असं लिहिलेलं दिसतं. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं, ७०७५ मध्ये ५-६ टक्के जस्त. ‘टी६’ म्हणजे धातू ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा मंद तापात ठेवून कडक केलेला. वाकण्याला विरोध करण्यात ७०७५ हे ६०६१ पेक्षा जवळपास दुप्पट ताकदीचं, पण ओलाव्यात ते लवकर खराब होतं.

नुसतं ‘अलॉय’ लिहिलेला स्वस्त पार्ट घेताना जपून. तो जस्ताचा ओतीव पार्टही असू शकतो. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेचा उपयोग नाही. हातात तोलून बघा. अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असतं, तर जस्त सात पटींहून जास्त.

कुठे लावायचं, कुठे नाही

साधा नियम असा : जिथे पार्ट लवचिक असण्यातच फायदा आहे तिथे प्लॅस्टिक राहू द्या. जिथे ढिलेपणा नको किंवा उष्णता बाहेर काढायची आहे, तिथे अ‍ॅल्युमिनियम लावा.

- मोटर माउंट : लावाच. मोटरची उष्णता त्यातून बाहेर जाते आणि गिअरची पकड हलत नाही. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात हा फरक हाताला जाणवतो.
- शॉकची टोपी आणि नळी : लावण्यासारखी. प्लॅस्टिकची टोपी जोराच्या उडीत निसटते आणि तेल सांडतं.
- स्टिअरिंगचा बेलक्रँक, पुढचे नकल : चालतील. स्टिअरिंगचा खुळखुळा कमी होतो.
- चाकाचे १२ मिमीचे हेक्स : स्वस्तात होणारी चांगली सुधारणा. प्लॅस्टिकचे हेक्स घासून गोल होतात.
- सस्पेन्शन आर्म : नको. नायलॉनचा आर्म वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो. अ‍ॅल्युमिनियमचा एकदा वाकला की वाकलाच. शिवाय धडक स्वतः न झेलता तो मागे पिन आणि गिअरबॉक्सकडे ढकलतो.
- बंपर : मुळीच नको. तो मार खाण्यासाठीच असतो.
- सर्वोचा हॉर्न : गाडीत सर्वो सेव्हर असेल तरच. नाहीतर चाकाला बसलेला झटका थेट सर्वोच्या गिअरवर जातो.

अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू कसताना ताकद लावू नका, आटे लवकर मरतात. निळं थ्रेडलॉक एक थेंब पुरे. मात्र ते प्लॅस्टिकला लागू देऊ नका, प्लॅस्टिक तडकतं.

रंग म्हणजे पार्टचं कवच

पार्टवरचा निळा-लाल रंग बहुधा पेंट नसतो, ते अ‍ॅनोडायझिंग असतं. विजेच्या मदतीने अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा जाड थर चढवतात आणि त्यात रंग भरतात. हा थर केसापेक्षा पातळ, पण खालच्या धातूपेक्षा कितीतरी कडक असतो. आरशासारखी चकाकी हवी तर तो आधी काढावा लागतो. म्हणजे पॉलिश करताना आपण पार्ट मजबूत करत नाही, उलट त्याचं कवच उतरवतो. शोभेसाठी करायचं तर जरूर करा, पण हे माहीत असू द्या.

पॉलिशचा एक खरा फायदा आहे. पार्टवर खोल ओरखडा किंवा खाच असेल, तर भेग तिथूनच सुरू होते. ती खाच घासून गुळगुळीत केली की धोका कमी होतो. घासताना लपलेली भेगही सापडते. भेग दिसली की तो पार्ट बाद समजा.

घरी पॉलिश करायची पद्धत

पार्ट गाडीतून काढा. बेअरिंग, रबरी रिंग, पिना सगळं बाजूला ठेवा. साबणाच्या पाण्याने तेल-माती धुऊन घ्या.

मग वॉटर पेपर घ्या. ४०० नंबरपासून सुरुवात, मग ६००, १०००, १५०० आणि शेवटी २०००. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ओलंच घासा. ओलं घासल्याने भुकटी उडत नाही. नंबर बदलला की घासायची दिशा आडवी-उभी बदला. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. निम्मं काम बिघडतं ते इथेच, घाईने.

शेवटी मऊ सुती कापडावर अ‍ॅल्युमिनियमसाठीची मेटल पॉलिश घेऊन चोळा. कापड काळं होईल, ते होणारच. पुसून झाल्यावर गाडीचं वॅक्स लावा.

बेअरिंग बसते ती जागा, पिनांची भोकं आणि शॉकच्या नळीचा आतला भाग घासू नका. तिथे थोडा जरी धातू गेला तरी पार्ट ढिला होतो.

पितळेचा नुस्खा इथे चालत नाही

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. चिंच आणि राख लावून पितळ कसं लखलखतं, हे घरोघरी ठाऊक आहे. पण अ‍ॅल्युमिनियमवर आम्ल आणि क्षार दोन्ही चालून जातात. लिंबाने वरवरचा काळेपणा थोडा निघतो, पण रात्रभर आंबटात भिजवलं की पृष्ठभागावर खड्डे पडतात. राख आणि धुण्याचा सोडा तर त्याला डागाळून टाकतात.

सर्वांत धोक्याचा उपाय म्हणजे रंग काढायला कॉस्टिक सोडा किंवा नाली साफ करायची पावडर वापरणं. कॉस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की द्रावण उकळल्यासारखं तापतं आणि हायड्रोजन वायू निघतो, जो ठिणगीने पेट घेतो. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मुलांच्या हाती हे देऊच नका. वेळ लागला तरी पेपरनेच रंग काढा.

मशीनवर काम करताना

- ड्रिलला किंवा मोटरला बफ लावणार असाल तर गळ्यातला गमछा, दुपट्टा आधी काढून ठेवा. हातमोजेही नकोत. फिरतं चाक ते ओढून घेतं.
- चष्मा आणि मास्क लावा. पार्ट चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर धरा, म्हणजे निसटला तर तोंडावर येणार नाही.
- वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरच्या दगडावर अ‍ॅल्युमिनियम धरू नका. मऊ धातू दगडात भरतो, दगड तापतो आणि फुटूही शकतो.
- अ‍ॅल्युमिनियमची बारीक कोरडी भुकटी पेटते. तिथेच लोखंड घासून ठिणग्या पाडू नका. भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

वाकलेला पार्ट गॅसवर तापवून, हातोडीने सरळ करायचा मोहही टाळा. २०० अंशांच्या वर तापला की टी६ चा कडकपणा उतरू लागतो. तो दिसायला सरळ होईल, पण पुढच्या उडीत पुन्हा वाकेल.

पावसाळ्यात

धानाच्या बांधावरून, चिखलातून गाडी चालवली की त्याच दिवशी धुऊन कोरडी करा. पॉलिश केलेल्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर, विशेषतः लोखंडी स्क्रूच्या भोवती, पांढरी भुकटी धरते. ती दिसली तर स्क्रू काढून साफ करा, नाहीतर पुढे तो जाम होतो. खाणीच्या हद्दीत, मातीच्या ढिगांवर गाडी चालवायला जाऊ नका.

खर्च करायचाच असेल तर आधी मोटर माउंट आणि हेक्स घ्या. उरलेल्या पैशात प्लॅस्टिकच्या आर्मची एक जास्तीची जोडी घेऊन ठेवा. गाडी जास्त दिवस धावेल ती त्याने.