‘आमचा’ संघ कोणाचा? भोर-वेल्ह्यातील खेळनिष्ठांचा भूगोल

खेळाच्या मैदानाभोवती जमलेली माणसे कोणाच्या बाजूने ओरडतात आणि का, हा प्रश्न चळवळीतल्या कार्यकर्त्याला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. जमिनीचे, शिक्षणाचे, पाणवठ्याचे प्रश्न समोर असताना कुस्ती-कबड्डीच्या आरोळ्यांचा विचार कशाला, असे तो म्हणेल. परंतु ‘आमचा’ हा शब्द माणूस मैदानाच्या कडेला जितक्या सहजपणे उच्चारतो तितक्या सहजपणे दुसरीकडे क्वचितच उच्चारतो. ह्या ‘आमचा’मध्ये कोण मोडतो आणि कोण मोडत नाही, हे तपासू लागले की गावाची सारी रचना उघडी पडते. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

चाहत्यांची निष्ठा भूगोलाप्रमाणे बदलते, हे सर्वात ठळकपणे दिसते ते अमेरिकेत. तेथे फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात तो आपल्या फुटबॉलहून वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ आहे. कॉलेजांच्या संघांचे सामने पाहायला काही मैदानांवर लाखाहून अधिक माणसे जमतात. त्यांतली बहुसंख्य माणसे त्या कॉलेजात कधी शिकलेली नसतात. मग ती त्याची कशी होतात? नेब्रास्का राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, म्हणून तेथले शेतकरी आपल्या राज्याच्या विद्यापीठाच्या संघामागे एकमुखाने उभे राहतात. अलाबामात अलाबामा आणि ऑबर्न असे दोन संघ आहेत, म्हणून तेथे घरेच्या घरे दुभंगतात. उलट न्यूयॉर्कसारख्या शहरात व्यावसायिक संघ भरपूर. तेथे कॉलेजच्या फुटबॉलला तेवढा मान नाही. जवळीक, पर्यायाचा अभाव आणि बापाकडून मुलाकडे आलेला वारसा, ह्या तीन गोष्टींवर निष्ठेचा नकाशा तयार होतो.

हा नकाशा इथपर्यंत निरुपद्रवी दिसतो. पण त्याच अलाबामाची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संपूर्ण राज्याचा अभिमान म्हणवणाऱ्या ह्या संघाच्या मुख्य चमूतून कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम मैदानात उतरले ते १९७१ साली. त्याआधीच्या कित्येक दशकांत राज्य ‘आपले’ होते, कर भरणारे काळे नागरिकही ‘आपले’ होते, पण संघ मात्र गोऱ्यांचा होता. मग काळ्या कुटुंबांची निष्ठा कोठे गेली? ती ग्रॅम्ब्लिंग, सदर्न अशा कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांकडे गेली. लुइझियानातील ह्या दोन विद्यापीठांचा सामना १९७४ पासून ‘बायू क्लासिक’ ह्या नावाने न्यू ऑर्लिन्समध्ये उत्सवासारखा साजरा होत आला आहे. जमीन तीच, हवा तीच, पण एकाच प्रदेशावर निष्ठेचे दोन नकाशे पसरले. भूगोल सर्वांना सारखाच लागू होतो, हे गृहीतक येथे कोसळते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले तालुके. १९४८ साली विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते आणि त्याचे राजगड, प्रचंडगड, विचित्रगड हे तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात. वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, त्यामागेही निष्ठेचीच भाषा आहे. नाव हे झेंड्यासारखे असते. ते कोणाच्या अभिमानाचे आहे हे लगेच कळते.

येथे कॉलेजच्या संघाभोवती अशी निष्ठा का उभी राहिली नाही? भोरमध्ये महाविद्यालय आहे, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही होतात. पण त्या स्पर्धांना प्रेक्षक नसतो. सामना कधी झाला आणि कोण जिंकले, हे खेळाडूंना आणि क्रीडाशिक्षकांनाच ठाऊक. शिवाय डोंगरातल्या ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली पिढी कालपरवाची, त्या घराला कॉलेजचा वारसा कोठून असणार? पुण्यात कॉलेजची निष्ठा घसा फोडून ओरडते ती मैदानावर ओरडत नाही, नाट्यगृहात ओरडते. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना ‘अरे आवाज कोणाचा’ ही आरोळी ज्याने ऐकली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

भोर-वेल्ह्यातली खेळाची निष्ठा कॉलेजला चिकटलेली नाही. ती खोऱ्याला, गावाला आणि मुंबईला चिकटलेली आहे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे नुसती इतिहासातली नाहीत. दोन डोंगररांगांमध्ये एक नदी आणि नदीच्या दोन्ही काठांनी गावे, अशी ही रचना आहे. बाजार, सोयरीक, जत्रा आणि कुस्तीचा फड ही सारी त्या खोऱ्यातच फिरतात. शेजारच्या खोऱ्यातले गाव सरळ रेषेत जवळ असले तरी मध्ये डोंगर आहे, म्हणून ते लांबचे. नसरापूरकडे उतरणाऱ्याचा पाहुणा एकीकडे, पानशेतकडून पुण्याला जाणाऱ्याचा दुसरीकडे, आणि वरंधा घाटाने खाली महाडला जाणाऱ्याचा तिसरीकडे. वाट जिकडे जाते तिकडे माया जाते.

दुसरी वाट पोटाची. पावसाळ्यातल्या भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नाही म्हणून ह्या डोंगरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. गिरण्या, गोद्या, घाऊक बाजार येथे त्यांनी अंगमेहनतीची कामे केली. पगाराबरोबर मुंबईची आवडही मनिऑर्डरीने गावी आली. म्हणून एक गंमत दिसते. क्रिकेटच्या रणजी स्पर्धेत आपल्या एका राज्याचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नियमाने पाहिले तर भोरचा मुलगा पुण्यात केंद्र असलेल्या महाराष्ट्र संघाचा. ह्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, हे त्याला बहुधा माहीत नसते. मुंबईचे खेळाडू मात्र त्याला पाठ असतात. नागपूरकडे उलट स्थिती आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ साली करंडक जिंकला, तेव्हा तेथल्या माणसाला मुंबईच्या छायेतून बाहेर आल्याचे समाधान मिळाले. आयपीएलमध्ये मुंबईचा संघ २००८ पासून टिकून आहे, तर पुण्याच्या नावाचे संघ २०११ ते २०१३ आणि पुन्हा २०१६-१७ असे आले आणि गेले. जो संघ टिकत नाही त्याचा वारसा तयार होत नाही. कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धेत २०१४ पासून पुण्याचा आणि मुंबईचा असे दोन्ही संघ आहेत. तेथे ह्या डोंगरातले घर कोणाच्या बाजूला झुकेल, हे त्या घरातला मिळवता माणूस कोठे राहतो त्यावर पुष्कळसे अवलंबून असते.

इथपर्यंतचे विवेचन कोणताही भूगोलाचा शिक्षक करील. पण खोरे, गाव आणि मुंबई ही जी तीन ठाणी सांगितली, त्यांतल्या मधल्या ठाण्याशी आपल्याला थांबावे लागते. गाव म्हणजे कोण?

गावाची निष्ठा जेथे तापते तो जत्रेतला कुस्तीचा फड घ्या. फडात रंग भरतो हलगीने. हलगीचा ठेका वाढला की पैलवानाच्या अंगात वारे शिरते आणि पाहणारे उभे राहतात. ही हलगी परंपरेने मांग समाजाच्या हातात. आता तालमीकडे पाहा. तालीम म्हणजे व्यायामाची जागा खरी, पण तिच्यात मारुतीची मूर्ती असते, म्हणजे ती अर्धे देऊळच. जेथे देवळाचा दरवाजा बंद होता तेथे तालमीचा दरवाजाही आपोआप बंद झाला. अशा गावांत ज्याच्या वाजवण्याने फड पेटायचा त्याच्या पोराला लाल मातीत पाय ठेवता येत नव्हता. जत्रेच्या दिवशी महाराने गावाची कामे करायची, मांगाने वाजवायचे, आणि विजय ‘गावाचा’! ह्या विजयात राबणाऱ्यांचा वाटा होता, मान मात्र नव्हता. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले, १९५६ च्या धर्मांतराने मनातले वतनही झुगारले गेले. पण ‘गाव’ ह्या शब्दाचा अर्थ कायद्याने बदलत नाही.

त्याचा पुरावा मुंबईत मिळतो. एकाच गावाहून आलेल्या माणसांचे तेथे अनेकदा एक ग्रामस्थ मंडळ असते आणि एक बौद्ध मंडळ. गाव एक, मंडळे दोन, म्हणून वर्गणी दोन, आणि खेळाचे चमूही दोन. वरवर पाहणारा ह्याला फुटीरपणा म्हणतो. ज्या घरात आपल्याला ओसरीपर्यंतच येऊ दिले त्या घराशेजारी आपण स्वतःचे घर बांधले, तर फूट कोणी पाडली? लुइझियानातल्या काळ्या विद्यापीठांचे जे झाले तेच हे आहे.

ह्याच पुण्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी फार स्पष्टपणे पाहिला आहे. चर्मकार समाजातले पाळवणकर बाळू पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाला ते हवेसे झाले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे, पण चहाच्या वेळी बाळूंना वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर चहा दिला जाई. त्या काळी मुंबईतल्या मोठ्या स्पर्धेत संघ प्रांताचे नसत, धर्मांचे असत: युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान. ‘हिंदू’ म्हणून विजय हवा असेल तेव्हा बाळू हिंदू होते. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात सर्वाधिक यश मिळवणारे गोलंदाज तेच. परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. ते घराण्यात आले ते १९२३ साली, त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला.

ह्या प्रसंगातून दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की संघात घेणे आणि समाजात घेणे ह्यांत अंतर आहे. बळी मोजणारे हात कप वेगळा ठेवू शकतात. दुसरी अधिक महत्त्वाची. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. खेळाडूविषयीचा अभिमान आणि आपल्या हक्कांविषयीची निष्ठा ह्यांची गल्लत त्या मतदारांनी होऊ दिली नाही. टाळी एकाला आणि मत दुसऱ्याला, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता.

धर्मावर उभी असलेली ती स्पर्धा १९४६ मध्ये थांबली आणि १९३४ साली सुरू झालेल्या रणजीचे प्रांतवार संघ मुख्य ठरले. धर्माच्या जागी प्रदेश आला, हे निःसंशय पुढचे पाऊल होते. प्रदेशात जन्माला येणारा प्रत्येक जण निदान तत्त्वतः त्या संघाचा असतो. प्रश्न उरतो तो तत्त्व आणि व्यवहार ह्यांमधल्या अंतराचा.

म्हणून एक साधी तपासणी सुचवावीशी वाटते. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात ‘गावाचा संघ’ म्हणून जो उतरतो त्याविषयी चार प्रश्न विचारावेत. संघात कोणकोणत्या वस्तीतली मुले आहेत? सरावाचे मैदान कोणत्या वस्तीला जवळ आहे आणि तेथे कोणाच्या मुलाला विचारल्यावाचून जाता येते? वर्गणी कोणाकडून गोळा होते आणि हिशेब कोण ठेवतो? बक्षीस देताना व्यासपीठावर कोण बसतो? उत्तरे वहीत मांडली तर गावाचा असा नकाशा तयार होईल जो तलाठ्याच्या दप्तरात नाही. मुलींचा रकाना वेगळा ठेवावा; तो बहुतेक ठिकाणी रिकामा राहील, आणि त्या रिकामेपणाचा अर्थही आपल्यालाच लावावा लागेल.

प्रदेशाचा अभिमान सोडून द्यावा, असे येथे म्हणायचे नाही. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी ज्यांच्या पूर्वजांनी चौक्या-पहारे केले, ओझी वाहिली, त्यांचा त्या डोंगरांवर इतरांइतकाच हक्क आहे. त्याच वेळी हिरडस मावळातून घाट उतरला की महाड आहे, आणि १९२७ चे चवदार तळे हेही आपल्या भूगोलातले ठिकाण आहे. ज्याच्या नकाशात दोन्ही आहेत त्याची निष्ठा दुभंगलेली नसते, ती अधिक रुंद असते. जयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांत ज्या स्पर्धा भरतात त्या सर्व गावांना, सर्व जातींना खुल्या ठेवाव्यात. आपल्या मैदानावर पाहुण्या संघाला त्याच माठातले पाणी मिळावे, आणि ते मिळते हे परिसरात माहीत व्हावे. ‘आमचा’ हा शब्द खरा करण्याचे काम ज्यांना तो नाकारला गेला त्यांनीच आजवर केले आहे. ह्यापुढेही ते काम अर्ध्यावर सोडता येणार नाही. कारण संघात जागा मिळाली तरी गावात जागा मिळायची अजून बाकी आहे.