इन्स्टॉलेशन अडलं की फॉरमॅट? एक महागडा गैरसमज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्या निमित्ताने दोन समज घट्ट झाले. विंडोज १० असलेला संगणक आता चालणारच नाही, हा पहिला. आणि विंडोज ११ घेत नसेल तर तो लॅपटॉप भंगारात, हा दुसरा. दोन्ही खोटे आहेत. विंडोज १० आजही सुरू होतं, थांबली आहेत ती सुरक्षेची मोफत अपडेट. घरगुती ग्राहकांसाठी त्यातही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव मुदतीची सोय कंपनीने ठेवली आहे. आणि ज्या यंत्राला विंडोज ११ चालत नाही, त्यावर लिनक्स बहुधा सुखाने चालतं. पण या दोन समजांच्या मुळाशी एक तिसरा, जुना आणि जास्त खर्चिक समज आहे. सटाण्यासारख्या गावात तो विशेष महाग पडतो, कारण कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र गाठायचं तर बहुधा नव्वदेक किलोमीटरवरचं नाशिक गाठावं लागतं. तो समज असा: इन्स्टॉलेशन अडलं, काही केल्या पुढे जाईना, तर फॉरमॅट मारायचा, मग सगळं ठीक होतं.

कधीकधी होतंही, म्हणून तर हा समज टिकला. पण ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं म्हणजे एकामागून एक तपासण्या. फाइल पूर्ण आहे का, डिस्कवर जागा आहे का, प्रोसेसर चालणारा आहे का, आधी लागणारं दुसरं सॉफ्टवेअर हजर आहे का. यातली एखादी नापास झाली की काम थांबतं, आणि थांबताना यंत्र बहुतेक वेळा कारण सांगतं. ते कारण कुणी वाचत नाही, कारण ते अगम्य दिसतं. विंडोजचा ०एक्स८००७००७० हा कोड घ्या. फोन नंबरासारखा दिसणारा हा आकडा बघून माणूस गांगरतो. त्यातले शेवटचे चार अंक तेवढे पाहायचे: ००७०. ही षोडशमान पद्धतीतली संख्या. आपल्या नेहमीच्या पद्धतीत ती ११२ होते, आणि विंडोजच्या चुकांच्या यादीत ११२ चा अर्थ ‘डिस्कवर जागा नाही’ असा आहे. शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली, ०००२ असेल तर हवी ती फाइल सापडली नाही. म्हणजे पहिल्या प्रकरणात डाउनलोड्सच्या फोल्डरमधले जुने व्हिडिओ उडवले तरी भागलं असतं. त्याऐवजी फॉरमॅट मारला तरी जागा मोकळी होते, हे खरं. पण व्हिडिओंबरोबर लग्नाचे फोटो, सात-बाराच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि मुलाचा प्रोजेक्टही मोकळा होतो.

‘डिस्कच दिसत नाही, म्हणजे एसएसडी उडाली’ हा याच जातीचा निष्कर्ष. गेल्या काही वर्षांत आलेल्या, म्हणजे अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. ती चालू असली की डिस्क इंटेलच्या एका नियंत्रकामागे जाते, आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर त्याला एकही डिस्क दिसत नाही. डिस्क ठणठणीत असते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन सेटअपमधल्या ‘लोड ड्रायव्हर’ या बटणाने दाखवला की ती यादीत उगवते. नवी डिस्क विकत घेऊन बसवली तरी मात्र हाच संदेश येणार. दुसरा नेहमीचा अडसर असतो डिस्कच्या मांडणीचा. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आणि यंत्र नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू केलेलं, असं असलं की विंडोज त्या डिस्कवर बसायला नकार देतं. इथे घाईने सगळी पार्टिशन्स पुसली जातात आणि डी ड्राइव्हवरचा डेटाही जातो. वास्तविक विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून एमबीआरचं जीपीटी करणारं साधन विंडोजमध्येच आहे, आणि ते डेटा न पुसता काम करतं. तरीही आधी प्रत काढून ठेवावी, हे वेगळं सांगायला नको.

‘या संगणकावर विंडोज ११ चालणार नाही’ हा संदेशही असाच सरसकट घेतला जातो. त्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असते पण बायोसमध्ये बंद असते, इंटेलच्या यंत्रात पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने. ती चालू केली की प्रश्न मिटतो. प्रोसेसरच यादीबाहेरचा असेल, ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा, तर बायोसमध्ये काहीही केलं तरी अधिकृत मार्ग नाही. पहिल्याला दुसरं समजून चांगला लॅपटॉप मातीमोल भावात विकला जातो. बायोसमध्ये हात घालताना मात्र एक धोका माहीत हवा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर अशा बदलानंतर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ही की बहुधा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवरून खात्यात शिरून ती पाहता येते. ‘लॅपटॉप लॉक झाला, आता फॉरमॅटशिवाय इलाज नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी हे खातं उघडायला लावलं पाहिजे.

लिनक्सकडे वळलं की गैरसमजांचा रंग बदलतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमांत सी आणि पोस्टग्रेएसक्यूएल शिकवलं जातं, त्यामुळे सटाण्यातल्या विद्यार्थ्यालाही कधी ना कधी घरच्या यंत्रावर उबुंटू हे लिनक्सचं वितरण टाकून ही पॅकेजेस बसवावी लागतात. विंडोजच्या सवयीने तो कुठल्यातरी साइटवरून फाइल उतरवतो, ती दुसरीच फाइल मागते, दुसरी तिसरी मागते, आणि लिनक्स म्हणजे कटकट असा शिक्का बसतो. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर साधारणपणे त्या वितरणाच्या भांडारातून घ्यायचं असतं. तिथे कोणत्या पॅकेजला काय लागतं याची नोंद असते आणि एपीटी हे साधन सगळं एकत्र आणतं. तेही अडतं. पण कसं अडतं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्यांदा सुरू केलेल्या उबुंटूवर लगेच काही बसवायला गेलं तर ‘कुलूप मिळालं नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. यात बिघाड काही नाही. पडद्याआड आपोआप अपडेट चालू आहेत, ते संपेपर्यंत चहा घ्यावा. कुलपाची फाइलच पुसून टाका, हा सर्रास मिळणारा सल्ला धोक्याचा, कारण दोन कामं एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहू लागली तर नोंदवही बिघडते. मध्येच लाईट गेली आणि काम अर्धवट राहिलं तरी सगळं संपलं असं नाही. प्रत्येक पॅकेज कुठल्या टप्प्यावर होतं हे एपीटीच्या पोटातलं डीपीकेजी हे साधन लिहून ठेवतं, आणि पुढच्या वेळी तेच सांगतं की काम खंडित झालं होतं, अमुक आज्ञा चालवा. आज्ञा त्या ओळीतच छापलेली असते.

४०४ या आकड्याचं तर सगळीकडे एकच भाषांतर होतं: नेट गेलं. नेट गेलं असतं तर समोरून ४०४ असं उत्तरही आलं नसतं. त्याचा अर्थ, सर्व्हर भेटला पण ती फाइल तिथे नाही. कधी आपल्याकडची यादी शिळी असते, आणि ‘एपीटी अपडेट’ एकदा चालवलं की काम होतं. कधी आवृत्तीच मुदतबाह्य असते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं नेहमीचा आधार असतो, पण मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. त्यानंतर त्यांची भांडारं जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवली जातात आणि नेहमीच्या पत्त्यावर काही सापडत नाही. मित्राने दोन वर्षांपूर्वी बनवून दिलेल्या पेनड्राइव्हवर अशी आवृत्ती असेल तर कितीही वेळा फॉरमॅट करून तीच टाकली तरी तोच ४०४ भेटीला येईल.

सर्वांत बोलकं उदाहरण घड्याळाचं आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ हा रुपयाएवढा चपटा सेल असतो. तो संपला की लाईट गेल्यावर यंत्राची तारीख काही वर्षं मागे जाते. मग एपीटी सांगतं, भांडाराची यादी ‘अजून वैध झालेली नाही’; ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची तक्रार करतो. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे: यंत्राच्या हिशेबाने ती कागदपत्रं भविष्यातली आहेत. इथे नवा माणूस आधी नेटवाल्याला फोन लावतो, मग लिनक्सला नावं ठेवतो, मग विंडोज टाकतो, आणि तिथेही साइट उघडत नाहीत. दोष डिस्कवर नव्हताच, म्हणून डिस्क पुसून तो जाणार नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलला, तारीख नीट लावली, की दोन्ही तक्रारी एकदम थांबतात. सटाण्याच्या बागलाण भागातल्या डाळिंब उत्पादकाला हे पटायला हरकत नाही. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूने येतो, त्यावर नुसतं बुरशीनाशक मारत राहिलं तर पैसा जातो आणि रोग राहतो, हे त्याने बागेत पाहिलं आहे.

पेनड्राइव्हच्या बाबतीतही दोष डिस्कबाहेरच असू शकतो. उबुंटूची अलीकडची फाइल सहा जीबीच्या आसपास आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती तुकड्या-तुकड्यांनी उतरवली तर एखादा तुकडा खराब येणं नवल नाही. म्हणून मूळ साइटवर एसएचए२५६ नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. उतरवलेल्या फाइलची खूण विंडोजमधल्याच सर्टयुटिलने काढून ताडून पाहता येते. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवायची. शिवाय ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, रुफससारख्या साधनाने ती लिहावी लागते. इन्स्टॉलेशन दरवेळी त्याच टक्क्यावर अडत असेल तर संशय फाइलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावा. दरवेळी वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच कारणाने कोसळत असेल तर रॅम तपासावी, त्यासाठी मेमटेस्ट८६+ फुकट मिळतं.

यावर दुकानदाराचा आक्षेप रास्त आहे. त्याच्याकडे दिवसाला अनेक यंत्रं येतात, गिऱ्हाईक दोन-तीनशे रुपयांवर देत नाही, आणि तासभर कारण शोधण्यापेक्षा पाऊण तासात फॉरमॅट होतो. डेटाची प्रत आधीच काढलेली असेल, डिस्क आणि रॅम चांगली असेल आणि आतली सिस्टिम व्हायरसने पोखरलेली असेल, तर फॉरमॅट हाच शहाणपणाचा मार्ग आहे, यात वाद नाही. वाद आहे तो फॉरमॅटने सुरुवात करण्याला. त्याने कारणाचा पुरावाच पुसला जातो, म्हणून तेच यंत्र महिन्याने परत येतं आणि वाचवलेला वेळ दुप्पट जातो. बंद पडलेल्या यंत्रातून डेटा काढणं तर फार अवघडही नाही: उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून ‘इन्स्टॉल न करता वापरून पाहा’ हा पर्याय घेतला, की बिटलॉकर नसलेल्या डिस्कवरच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करता येतात. फॉरमॅटनंतर परवाना जातो म्हणून ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ लागतो, हेही खरं नाही. विंडोजसह विकत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपची की त्याच्या फर्मवेअरमध्येच असते आणि तीच आवृत्ती टाकली तर आपोआप लागू होते. होमच्या लॅपटॉपवर प्रो टाकली की मग ती लागत नाही. अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या फुकट्या अ‍ॅक्टिव्हेटरबद्दल अधिक काय बोलावं?

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. संदेश इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने ते कसे वाचायचे? यावर ‘इंग्रजी शीक’ हे उत्तर उद्धटपणाचं आहे. पण मराठी इंटरफेस लावला की सगळं सुटतं, हेही खरं नाही. संदेशाचं भाषांतर अर्धवट असतं आणि तो मराठी संदेश शोधला तर उत्तरं जवळजवळ मिळत नाहीत. व्यवहारात मधला मार्ग चालतो. मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी ठेवायची, तिचा फोटो काढायचा आणि मोबाइलवर तिचं भाषांतर करून घ्यायचं. हे संदेश ठरावीक साच्याचे असतात, पंधरा-वीस साचे ओळखीचे झाले की बरंचसं काम निभतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत, विनामूल्य. ओळ निवडताना एवढंच पाहायचं की ती पहिली असावी. पडद्यावर चाळीस ओळी लाल झाल्या तर शेवटची डोळ्यात भरते, पण पुष्कळदा ती पहिल्या चुकीचा नुसता परिणाम असते. आणि उपाय एका वेळी एकच करून पाहायचा. तीन एकदम केले तर कशाने जमलं ते कळत नाही.

म्हणून यंत्र दुकानात नेण्याआधी पहिल्या संदेशाचा फोटो काढा, डेटाची प्रत काढल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका, आणि पावतीवर ‘फॉरमॅट’ या एका शब्दाऐवजी नेमकं काय बिघडलं होतं ते लिहून मागा.