घरातील व्हिडिओ कॅसेट संगणकावर कशी उतरवावी?

सन १९९५ मध्ये डीव्ही ही चित्रणाची डिजिटल पद्धत बाजारात आली आणि पुढील काही वर्षांत मिनी डीव्ही कॅसेटचा छोटा कॅमेरा आपल्याकडील नोकरदारांच्या घरांतही दिसू लागला. लग्न, बारसे, सेवानिवृत्तीचा सत्कार, गावाकडचे जुने घर, असे बरेच काही त्या चिमुकल्या कॅसेटांत साठलेले आहे. वडीलधाऱ्यांचे फोटो भिंतीवर असतात, त्यांचा आवाज मात्र पुष्कळदा या कॅसेटांतच उरलेला असतो. असे घरगुती कॅमेरे आता तयार होत नाहीत व दुरुस्त करणारेही विरळ झाले आहेत. तेव्हा कॅमेरा चालू आहे तोवरच हे काम उरकावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कॅसेटवर चित्र आकड्यांच्या रूपात नोंदलेले असते. तेच आकडे जसेच्या तसे संगणकात गेले तर चित्रात काडीचाही फरक पडत नाही. पिवळ्या, लाल व पांढऱ्या पिनांच्या वायरीने चित्र घेतल्यास आकड्यांचे आधी विद्युत संकेत होतात व संगणकात पुन्हा आकडे होतात. या उलटसुलटीत चित्र मळते. दुकानदार बहुधा हाच सोपा मार्ग सांगतात. कॅमेऱ्याला यूएसबीचे तोंड असले तरी अनेक कॅमेऱ्यांत ते केवळ स्थिर फोटोंसाठी असते.

खरा मार्ग फायरवायरचा. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्यास आयलिंक असे लिहिलेले आढळेल. कॅमेऱ्याकडील तोंड चार पिनांचे व संगणकाकडील बहुधा सहा पिनांचे असते. सहा पिनांच्या वायरीतून वीजही वाहते. ती उलटी दाबून बसविल्यास कॅमेरा निकामी होऊ शकतो. म्हणून जोडणी दोन्ही यंत्रे बंद ठेवूनच करावी. नव्या संगणकांना हे तोंड नसते. टेबलावरच्या संगणकात फायरवायरचे कार्ड बसविता येते. एका टोकाला यूएसबी व दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी स्वस्त वायर मिळते, पण तिने डीव्हीचे चित्र उतरत नाही. पैसे वाया घालवू नयेत. अ‍ॅपलने तर २०२५ सालच्या मॅकओएस २६ मध्ये फायरवायरची सोयच काढून टाकली. कोणाकडे जुना संगणक पडून असेल तर तो भंगारात देण्यापूर्वी त्याची मागची बाजू अवश्य पाहावी.

कॅसेटच्या कडेची खिटी 'सेव्ह'कडे सरकवावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरे चित्रण होणार नाही. कडेला पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नये, हेड खराब होते. आपल्या पावसाळी हवेत हा प्रकार नेहमीचा आहे. कॅमेरा बॅटरीवर न चालविता अडॅप्टरवर चालवावा, 'प्ले' किंवा 'व्हीसीआर' स्थितीत ठेवावा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे व मागे फिरवून घ्यावी आणि मग उतरविणे सुरू करावे. विंडोजवर विनडीव्ही व लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे विनामूल्य प्रोग्रॅम या कामाला पुरेसे आहेत. एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो. घाई करून उपयोग नाही. एलपी गतीवर केलेले चित्रण दुसऱ्या कॅमेऱ्यात पुष्कळदा अडखळते, तेव्हा शक्यतो ज्या कॅमेऱ्यात भरले त्याच कॅमेऱ्यात ते लावावे.

तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागते. ती पाहून अनेकजण फाईल लगेच लहान करतात व मूळ पुसून टाकतात. तसे करू नये. नातेवाइकांना मोबाईलवर पाठविण्यासाठी लहान प्रत वेगळी काढावी. मूळ फाईल दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, त्यातील एक दुसऱ्याच घरी, ठेवावी.

हे तांत्रिक काम विद्यार्थी सहज करतील. पण पडद्यावर मागच्या रांगेत उभे असलेले गृहस्थ कोण, हे घरातील आजी किंवा थोरले काकाच सांगू शकतील. कॅसेट उतरत असताना त्यांना शेजारी बसवावे व नावे, गाव, साल वहीत टिपून घेऊन तीच माहिती फाईलच्या नावात घालावी.