ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या शिक्षणातील अडथळे

ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या शिक्षणातील अडथळे म्हणजे वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कोकणा इत्यादी जमातींतील मुलांना शाळेत दाखल होण्यात, तेथे टिकून राहण्यात आणि पुढील शिक्षण घेण्यात येणाऱ्या अडचणी होत. हंगामी स्थलांतर, घरची आणि शाळेची भाषा यांतील फरक, शाळेचे अंतर आणि कागदपत्रांचा अभाव ही त्यांतील प्रमुख कारणे आहेत. जून ते एप्रिल एकाच गावी राहणारे, प्रमाण मराठी बोलणारे कुटुंब गृहीत धरून शाळेची रचना झालेली असल्याने हे अडथळे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार अविभाजित ठाणे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. जव्हार, मोखाडा व तलासरी या आता पालघरमध्ये असलेल्या तालुक्यांत मात्र ते ९० टक्क्यांच्या आसपास होते. विद्यमान ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड व भिवंडी या तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी आहे. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची एकूण साक्षरता ८२.३ टक्के, तर अनुसूचित जमातींची ६५.७ टक्के नोंदली गेली. अनुसूचित जमातींतील स्त्रियांची साक्षरता सुमारे ५७ टक्के होती. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमातींपैकी कातकरी समाज ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांत प्रामुख्याने आढळतो.

प्रमुख अडथळे

स्थलांतर : भातकापणी संपल्यावर, साधारणतः दिवाळीनंतर, अनेक भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यातील अडचणीच्या काळात मालकाकडून घेतलेली उचल त्यांना हंगामभर भट्टीवर काम करून फेडावी लागते. मजुरी हजार विटांमागे मिळत असल्याने घरातील प्रत्येक हात मोलाचा ठरतो. विटा उलटणे, रचणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे मुलांकडे येतात. परिणामी शालेय वर्षाचा मोठा भाग, वार्षिक परीक्षेसह, बुडतो. पुढील जूनमध्ये मूल त्याच शाळेत परतले तरी वर्गाच्या मागे पडलेले असते. अशी दोन-तीन वर्षे गेल्यावर ते शाळेत येणेच थांबवते.

भाषा : वारली, कातकरी व ठाकरी या बोली मराठीशी संबंधित असल्या, तरी त्यांचे उच्चार, क्रियापदांची रूपे व शब्दसंग्रह पाठ्यपुस्तकातील मराठीपेक्षा वेगळे आहेत. पहिलीत येणाऱ्या मुलाला त्यामुळे अक्षरओळख आणि नवी भाषा एकाच वेळी शिकावी लागते. त्याचे न बोलणे अनेकदा मंदपणाचे लक्षण समजले जाते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिक्षण देण्याची तरतूद आहे. बोलींमधील पाठ्यसाहित्य व त्या बोली जाणणारे शिक्षक यांवर तिची अंमलबजावणी अवलंबून असते.

अंतर : राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षित आहे. विखुरलेल्या पाड्यांमध्ये पटसंख्या कमी राहते. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तेव्हा पावसाळ्यात ओढे ओलांडून मुले दूरच्या शाळेत कशी जाणार, हा आक्षेप घेतला गेला. चौथी-पाचवीनंतर निवासी आश्रमशाळा हाच अनेकांसमोरील पर्याय उरतो. त्यासाठी लहान वयात घर सोडावे लागते.

कागदपत्रे : शिष्यवृत्ती, वसतिगृह व राखीव जागांसाठी जमातीचा दाखला आणि उच्च शिक्षणाच्या टप्प्यावर वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे, विशेषतः वडील किंवा आजोबांच्या शाळेच्या व महसुलाच्या नोंदी, महत्त्वाचे मानले जातात. ज्यांच्या मागील पिढ्यांनी शाळा पाहिली नाही आणि ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांच्याकडे नेमक्या याच नोंदी नसतात.

शहरालगतचे पाडे

हे प्रश्न दुर्गम तालुक्यांपुरते मर्यादित नाहीत. ठाणे शहरात म्हाडाच्या वसाहतींमुळे ओळखल्या जाणाऱ्या वर्तकनगरपासून काही किलोमीटरवर येऊरचा डोंगर आहे. उपवन तलावावरून वर जाणाऱ्या रस्त्याने पाटोणपाडा, जांभूळपाडा इत्यादी आदिवासी पाड्यांकडे जाता येते. ही वस्ती महानगरपालिकेच्या हद्दीत असली, तरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वनक्षेत्राला लागून असल्याने रस्ते, वीज व इमारतींच्या कामांना वन कायद्यांची मर्यादा येते. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी मुलांना घाटरस्त्याने शहरात उतरावे लागते आणि परिसरात बिबट्यांचा वावर असल्याने अंधारातील ये-जा जोखमीची ठरते. शाळा नकाशावर जवळ असणे आणि प्रत्यक्षात पोहोचण्याजोगी असणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

उपाययोजना

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी होय. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराईच्या ठिकाणी कुरणशाळा चालवल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. पुढे १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरील मुलांसाठी भोंगाशाळा सुरू केल्या. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

शासनाने १९७० च्या दशकापासून आश्रमशाळांचे जाळे उभारले. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना गावीच ठेवून शिकवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतराच्या ठिकाणी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड हे उपाय योजले गेले. कार्डाचा उपयोग होण्यासाठी भट्टीजवळच्या शाळेने हंगामाच्या मध्यावर मुलाला सामावून घेणे आवश्यक असते. हंगामी वसतिगृहाचा लाभही ते कुटुंबाच्या प्रस्थानापूर्वी सुरू झाले तरच मिळतो. त्यामुळे कोणत्या कुटुंबाची मुले कधी व कोठे जातात, याची ऑक्टोबरपूर्वीच पाडानिहाय नोंद घेणे हे या सर्व उपायांच्या परिणामकारकतेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.