‘मोठा ब्लॉक’ टाकताय? आधी जेट, ऑइल आणि ब्रेक बघा

या पानावर एरवी आपण बियाणे, फवारणी आणि पाणी यांविषयी बोलतो. आज मोटारसायकलच्या इंजिनाविषयी लिहितो आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण घडलेच तसे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी पेट्रोलवरच्या फवारणी पंपाचे प्रात्यक्षिक होते. सोबत मी नेहमीप्रमाणे एक बाद झालेला पिस्टन नेला होता. ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर गवत कापायचे मशीन चालवले की काय होते, ते दाखवायला तो बरा पडतो. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटून बसलेली. तो हातोहात फिरत असताना मागे बसलेला एक शेतकरी उठला. डावा हात गळ्यात बांधलेला. म्हणाला, “साहेब, अस्साच पिस्टन आमच्या गाडीतनं निघालाय.”

त्यांच्या घरी १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. रोज पहाटे मागे दोन किटल्या बांधून ते चढ चढतात आणि संकलन केंद्रावर दूध घालतात. थोरल्या मुलाला मातीवरच्या शर्यतींचा नाद. उन्हाळ्यात तलाव आटला की पात्रात पोरे गाड्या पळवतात, तिथून ही आवड लागली. त्याने तालुक्याच्या एका गॅरेजात गाडीला ‘मोठा ब्लॉक’ टाकून घेतला. रविवारी दिवसभर तळ्यात गाडी पळवली, जिंकलीही. सोमवारी पहाटे वडील किटल्या बांधून निघाले. निम्म्या चढावर इंजिन जाम झाले, मागचे चाक आवळल्यासारखे थांबले. गाडी आडवी, दूध रस्त्यावर आणि वडिलांचे मनगट मोडले.

मुलगाही तिथेच उभा होता. त्याने एकच प्रश्न विचारला, “साहेब, ब्लॉक ओरिजिनल होता, पिस्टन नवा होता. मग सीझ झालाच कसा?”

प्रश्न रास्त आहे. गावोगाव अशा गाड्या आहेत आणि हे काम करणारी गॅरेजेही आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

ओव्हरसाइज वेगळे, मोठा ब्लॉक वेगळा

पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. ब्लॉक झिजला, गाडी धूर मारायला लागली की आपण लेथवर बोअर करून घेतो आणि पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन टाकतो. ही दुरुस्ती झाली. आरएक्स १०० चा मूळ बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. म्हणजे ९८ सीसी. बोअर ५१ झाला तरी १०२ सीसी होतात. चार सीसीने ताकदीत सांगण्यासारखा फरक पडत नाही. पिकअप वाढला असे वाटते, ते नव्या रिंगांमुळे.

मोठा ब्लॉक म्हणजे १३५ चा ब्लॉक. त्याचा बोअर ५८ मिलिमीटर, स्ट्रोक तोच ५०. आठ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण बोअरचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. व्यास १६ टक्के वाढला की सीसी ३४ टक्के वाढतात, ९८ चे १३२ होतात. दोन इंची पाइपाच्या जागी अडीच इंची टाकल्यावर विहिरीचे पाणी किती वाढते ते तुम्हाला ठाऊक आहे, हिशोब तोच.

कारखानेसुद्धा हेच करतात. परदेशात मुलांच्या शर्यतीसाठी कावासाकीने केएक्स ८५ आणि केएक्स १०० अशा दोन लहान टू-स्ट्रोक गाड्या बरीच वर्षे विकल्या. स्ट्रोक दोघींचा एकच, ४५.८ मिलिमीटर. बोअर एकीचा ४८.५, दुसरीचा ५२.५. तेव्हा पोरांची कल्पना खुळी नाही, हे आधी मान्य करू. फरक एवढाच की कारखाना बोअर वाढवतो तेव्हा कार्बोरेटरचे जेट, हेड आणि सायलेन्सरही त्या बोअरला जुळवून देतो.

मातीत याचा फायदा कशात, तेही समजून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ७५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२५ स्फोट झाले. बोअर वाढला की प्रत्येक स्फोटामागची ओढ वाढते. भुसभुशीत मातीत, वळणातून बाहेर पडताना क्लच मारत बसावे लागत नाही, गाडी खालच्या फेऱ्यांवरच ओढून निघते. पण टॉप स्पीड त्या प्रमाणात वाढेल या भ्रमात राहू नये. वरची ताकद ब्लॉकमधल्या खिडक्यांच्या उंचीवर आणि सायलेन्सरच्या लांबी-आकारावर ठरते. आरएक्स १०० ची ताकद सुमारे ११ अश्वशक्ती. कंपनीने स्वतः चार गिअरची १३५ काढली, तिची १२ च्या आसपास. सीसी एक तृतीयांशाने वाढले, ताकद मात्र एका घोड्याने. युरिया दुप्पट टाकून गहू दुप्पट होत नाही, उलट लोळतो, त्यातलीच ही गत.

मग पिस्टन जाम का झाला?

मुलाने प्लग जपून ठेवला होता, हे चांगले केले. प्लगचे तोंड पांढरेफटक होते. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग बदामी-चॉकलेटी असतो. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त आणि आत भट्टी पेटली आहे. माझ्या मते या गाडीच्या दुखण्याचे मूळ इथेच. ब्लॉक बदलला, पण कार्बोरेटरचे मेन जेट १०० चेच राहिले. मोठा ब्लॉक जादा हवा ओढत होता, पेट्रोल तेवढ्याच भोकातून येत होते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसते जळत नाही, ते आतून इंजिन गारही करते आणि ऑइल घेऊन जाते. पेट्रोल कमी पडले की दोन्ही कामे बिघडतात.

त्यात आता पेट्रोलही पूर्वीचे नाही. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. ते इथेनॉल आपल्याच उसाचे आणि मक्याचे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो. त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी लावलेले जुने कार्बोरेटर या पेट्रोलवर आणखी कोरडे चालते. जेट ठरवताना हे धरावेच लागते. मेन जेट एक-दोन नंबर मोठे टाकून, भर थ्रॉटलवर गाडी नेऊन, तिथेच इंजिन बंद करून, प्लग काढून बघायचा. दोन-चार वेळा हे केल्याशिवाय गॅरेजमधून गाडी ताब्यात घेऊ नये. सुरुवात मोठ्या जेटने करावी आणि मग खाली यावे. पेट्रोल थोडे जास्त जळाले तर अ‍ॅव्हरेज जाते, कमी पडले तर पिस्टन जातो.

दुसरी गोष्ट ऑइल. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे. थ्रॉटल ओढला की केबल पंपालाही ओढते. ब्लॉक मोठा झाला तर पंपाची सेटिंग वाढवायला हवी, ती कोणी पाहिली नव्हती. शर्यतवाले बहुधा पंप काढून टाकतात आणि लिटरला ३० ते ४० मिली टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. तसे केले तर एक ध्यानात ठेवा, ऑइल जास्त म्हणजे त्या मिश्रणात पेट्रोल तेवढे कमी, म्हणजे जेटचा हिशोब पुन्हा करायचा. आणि मिसळलेले पेट्रोल कॅनमध्ये महिना-महिना ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल धरते, पाणी तळाशी बसते. आपल्या फवारणी पंपालाही हेच लागू आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून पंप ठेवावा.

तिसरी गोष्ट लेथची. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगते. म्हणून दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजून ठेवलेली असते. “हाताने ढकलून बघितलं, बरोबर सरकतोय” हे माप नव्हे. पिस्टन मायक्रोमीटरने, बोअर डायल गेजने आणि रिंगच्या टोकांमधली फट फीलरने मोजून देणारा लेथवाला शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बोअर केल्यावर खिडक्यांच्या कडांना धार येते. ती धार मोडली नाही तर रिंग तिथे अडकून तुटते आणि तिचे तुकडे सगळे इंजिन खातात. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि हमखास विसरले जाते.

हेडचेही बघा. समजा, हेडमधली जागा १५ सीसी आहे. ९८ सीसीच्या ब्लॉकला आतले मिश्रण साडेसातपट दाबले जाते. तीच जागा ठेवून ब्लॉक १३२ चा केला तर दाब जवळजवळ दहापट होतो. मग टिकटिक आवाज येतो, उष्णता वाढते, पिस्टनच्या डोक्याला भोकही पडते. ब्लॉक बदलला तर हेड त्याच ब्लॉकच्या मापाचे घ्यावे. आणि ब्लॉकचा गळा चेंबरच्या तोंडात नीट उतरतो का, बोल्टांचे अंतर जुळते का, हे पैसे मोजण्याआधी मापून घ्यावे. “सगळे बसवतात” एवढ्यावर जाऊ नका.

शेवटी रनिंग. नव्या पिस्टनवर पहिले तीन-चारशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर जायचे नाही, चढाला ओझे न्यायचे नाही, अधूनमधून थांबून इंजिन गार करायचे. या गाडीचे रनिंग झाले तळ्यात, भर थ्रॉटलवर. दुसऱ्या दिवशी चढ आणि दोन किटल्या. पोराला मी हे सांगितले तेव्हा तो बापाच्या हाताकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

क्लच, ब्रेक आणि कागद

टू-स्ट्रोक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एक सवय लावून घ्यावी. चढाला किंवा लांब पल्ल्याला डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर असू द्यावीत. इंजिन जाम होण्याआधी बहुधा आवाज बदलतो, गाडी मागून कोणी ओढल्यासारखी जड होते. त्या क्षणी क्लच दाबला तर चाक मोकळे राहते आणि गाडी कडेला घेता येते. या गृहस्थांनी सवयीने ब्रेक दाबला.

ब्रेकविषयी फार लिहीत नाही. आरएक्सला पुढेमागे ड्रम ब्रेक आहेत, ते ११ अश्वशक्तीच्या गाडीसाठी. ओढ वाढवली तर लायनर, केबल, टायर आणि चेन-स्प्रॉकेट यांचा खर्च त्याच दिवशी धरा. क्लच प्लेटा तर घसरणारच. तीनच्या जागी पाचची मोटर बसवली आणि केबल व स्टार्टर जुनाच ठेवला तर काय जळते, हे विहीरवाल्यांना वेगळे सांगायला नको.

आता सरपंच आणि पोलीस पाटील यांच्यासाठी. आरसी बुकावर सीसी लिहिलेले असतात. इंजिन नंबर चेंबरवर असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला तरी नंबर तोच राहतो आणि लोकांना वाटते काही बदललेच नाही. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला की विमा कंपनी कागद आणि गाडी ताडून बघते, ते वेगळेच. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आणि गाडी चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर पालक किंवा गाडीमालक यांच्यावर २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जत्रेत ‘मातीची शर्यत’ ठेवायची म्हणून मंडळी परवानगीला येतात. त्यांना जागा, दोर, रुग्णवाहिका विचाराच, पण गाड्या कुणाच्या आणि चालवणारे किती वर्षांचे, हेही विचारा.

शर्यतीला माझा विरोध नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तिथे मातीवर उड्या मारणारी पोरे बघून कुणाच्याही अंगावर काटा येईल. पण रीतसर शर्यतीत सीसीप्रमाणे वर्ग असतात आणि जिंकलेल्या गाडीचा ब्लॉक उघडून माप घेतले जाऊ शकते. ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने भंगारातली एखादी गाडी फक्त ट्रॅकसाठी वेगळी बांधावी, ती रस्त्यावर आणू नये, टेम्पोत घालून न्यावी. दुधाच्या गाडीला हात लावू नये. घरात दुसरी गाडी नसेल तर थांबावे.

मागच्या महिन्यात त्याच गावी पुन्हा जाणे झाले. गाडीला जुना ५० चा ब्लॉक परत बसवला आहे, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकून. ५८ चा ब्लॉक गोठ्यात, पेंडीच्या पोत्यांवरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला दिसला. मुलगा विकायला तयार नाही. हात बरा होईपर्यंत दूध तोच घालत होता, रनिंग संपेपर्यंत एकेका किटलीच्या दोन खेपा करून. वडिलांचे मनगट आता वळते, पण पूर्ण नाही. धार उजव्या हातानेच काढतात. गाडीची किल्ली त्यांच्या कोपरीच्या खिशात असते, पहाटे साडेपाचला पोराला मिळते आणि साडेसातला परत घेतली जाते.